मुरूम पडण्याआधी

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पांढरकवडा भागात, शिबला-पारडी परिसरात रस्त्याचे काम चालू होते. खोदकामात मातीखालून दगडी खांब उघडे पडले. सहा बाजूंचे, सरळ कडांचे, एकमेकांना खेटून असलेले. पाहणाऱ्याला वाटावे की कोणीतरी छिन्नीने घडवून ते रचून ठेवले आहेत. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते काय आहे हे सांगितले. ही माणसाची करणी नव्हती. हे होते स्तंभाकृती बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. जाड थर सावकाश थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे बहुधा षट्कोनी आकारात खोलवर उतरतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल उभी आहे, ती याच प्रकारच्या खांबांची.

बातमी सगळीकडे गेली, छायाचित्रे छापून आली, भूशास्त्राच्या नकाशावर एका आडगावाचे नाव उमटले. रस्ता झाला नसता तर हे खांब दिसले नसते हे खरे. पण ते टिकले, कारण ते दगड होते, मोठे होते आणि डोळ्यांत भरतील असे होते. त्या जागी तीन हजार वर्षांपूर्वीची एखादी चूल असती तर? राखेचा करडा पट्टा, भाजलेल्या मातीचा लालसर काठ, दोन-चार काळी-तांबडी खापरे. जेसीबीच्या एका खोऱ्यात ते सगळे उचलले गेले असते, डंपरमध्ये पडले असते आणि चालकापासून अभियंत्यापर्यंत कोणालाही काही गेल्याचे कळले नसते.

ही चूल कल्पनेतली नाही. अशी चूल याच जिल्ह्यात सापडली आहे.

बाभुळगाव तालुक्यात पाचखेड नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला एक टेकाड आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ च्या हंगामात तिथे उत्खनन केले. टेकाडात वस्तीचे थर किती जाड निघावेत? पावणेनऊ मीटर. म्हणजे जवळपास तीन मजली घराच्या उंचीएवढी माती केवळ माणसांच्या राहण्याने साचलेली. सगळ्यात खाली लोहयुगाची वस्ती, तिच्यावर सातवाहनांच्या काळातली, त्यावर मध्ययुगातली. शेवटी निजामाच्या अमलात या उंच जागेचा टेहळणीसाठी उपयोग झाला, त्याच्या खुणा सर्वांत वर. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला. तिथपासून मागे चालत तीन हजार वर्षे उतरता येतील अशी ही एकच जागा, आणि ती एका खेड्याच्या शिवारात.

तळाच्या थरात एका घराचा पाया मिळाला. घर गोल होते. चुन्याची जमीन आणि कडेने लाकडी खांब रोवल्याच्या खुणा. सोबत चूल, मडकी, लोखंडाच्या वस्तू, हाडाच्या आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू, मणी. कालमापनासाठी नमुने दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरकडे गेले आणि उत्तर आले की ही वस्ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहे.

या गोल घराचे मोल समजायचे तर विदर्भाच्या पुरातत्त्वाची एक अडचण समजून घ्यावी लागते. इथल्या लोहयुगीन लोकांची ओळख जगाला झाली ती त्यांच्या थडग्यांवरून. नागपूरजवळ जुनापाणी येथे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने शिळावर्तुळे उकरली. मोठमोठ्या धोंड्यांचे गोल कडे, आत दगडगोट्यांची भर आणि त्याखाली पुरलेला माणूस, त्याची मडकी, त्याची लोखंडी हत्यारे. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहरी अशी नावे त्यात भरत गेली. माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडेही मिळाले, तोंडावर तांब्याचे साज चढवलेले. मेलेल्यांबद्दल एवढे कळले, पण ते जिवंतपणी कुठे राहत होते, काय पेरत होते, पावसाळ्यात घरात पाणी येऊ नये म्हणून काय करत होते, हे सांगणाऱ्या वस्तीच्या जागा मोजक्याच. नायकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी मिळाली, हा त्यातला मोठा अपवाद. त्यामुळे पाचखेडचे घर ही विदर्भाच्या इतिहासातली महत्त्वाची भर आहे. लोखंडाचा वापर, काळ्या मातीतली शेती आणि कायम वस्ती या तीन गोष्टी इथे कधी आणि कशा एकत्र आल्या, याचे उत्तर असल्याच टेकाडांत दडलेले आहे.

पाचखेडचे उत्खनन ज्या हंगामातले, त्याच हंगामात शेजारच्या कळंब तालुक्यात दुसरी एक घटना घडली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेत पंतप्रधानांनी वर्धा-कळंब या नव्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन केले. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा हा पहिला तुकडा. तो पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जिल्हा उभा-आडवा कापत नांदेडला पोचायचा आहे. यवतमाळकरांनी या रेल्वेची फार वर्षे वाट पाहिली आहे आणि ती व्हायलाच हवी. प्रश्न तिच्या वाटेतल्या वावरांचा आहे. एका वावरात विद्यापीठाचे विद्यार्थी कुंच्याने माती झाडत होते, त्याच काळात शेजारच्या तालुक्यात भराव टाकून रूळ तयार झाले होते. पहिल्या जागेची निवड अभ्यासकांनी केली. दुसऱ्या जागेखाली काय होते याची चौकशी करण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

विदर्भातली जुनी वस्ती ओळखण्याची पहिली खूण मातीच्या रंगात असते. भोवतालची जमीन काळी, आणि मधेच एखादा पांढुरका, भुरभुरीत उंचवटा. राख, शेण, मातीच्या पडक्या भिंती, हाडे, कडबा असे सगळे शेकडो वर्षे साचून ही माती होते. गावकरी तिला पांढर म्हणतात. तिच्यात खताचा अंश असतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून शेतात नेली गेली. घराच्या धाब्यावर घालायलाही हीच माती चांगली. अनेक टेकाडे अशीच निम्मी झाली आहेत. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला ती खत म्हणूनच माहीत होती, आणि त्यापेक्षा अधिक काही सांगायला त्याच्या बांधावर कोणी गेले नाही.

दुसरी खूण महसुली कागदांत असते. जुन्या नोंदींत रिठी गावे सापडतात, म्हणजे नाव आहे, शिवार आहे, पण घर एकही नाही. माणसे कधीतरी उठून गेली आणि पांढरीवर पऱ्हाटी उभी राहिली. तिसरी खूण पायाखाली. वखराची पास जमिनीचा वरचा थर तेवढा खरवडते, ट्रॅक्टरचा नांगर मात्र फूटभर खाली जातो आणि पुरलेली खापरे वर आणतो. पहिल्या एक-दोन नांगरटींनंतर अभ्यासकाला त्याचा फायदा होतो, कारण एरवी न दिसणारी जागा दिसू लागते. मग दरवर्षीच्या नांगरटीने तीच जागा कुटली जाते.

सगळ्या जागा उंचवट्याच्या नसतात. दोन-तीन पिढ्या टिकलेली वाडी, लोहाराची पालावरची भट्टी, गारगोटीच्या मण्यांचे छिलके पडलेला कारागिराचा तळ यांचा थर वीतभरच असतो. तो सपाट वावरात असतो आणि वरून दिसत नाही. यवतमाळच्या काळ्या मातीत तर हे काम आणखी बिकट. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांत वरची खापरे खोल घसरतात, खालची माती वर येते, आणि हजारो वर्षांत सगळे ढवळून निघते. म्हणून इथे उथळ वस्तीचा माग काढायला अनुभवी डोळा लागतो. जमिनीत सोडलेल्या रडारच्या लहरी चिकणमातीत लवकर विरतात, आणि बेसॉल्टचे धोंडे स्वतःच चुंबकीय असल्याने चुंबकमापकाला चकवतात. परदेशी पुस्तकातली पद्धत उचलून इथे लावता येत नाही. इथली पद्धत इथल्याच जमिनीवर चालून बसवावी लागेल.

आता रस्ता बांधणाऱ्याच्या बाजूने पाहू. काळी माती अभियंत्याला नकोशी असते. ती फुगते-आकसते म्हणून वरचे डांबर फाटते, काँक्रीट उचलले जाते. त्यामुळे तो ती खरवडून काढतो, किंवा चुना मिसळून बसवतो, आणि वर मुरमाचा भराव घालून दाबतो. पुरातत्त्वाला जो थर हवा असतो, नेमका तोच रस्त्याला नको असतो. पहिल्याच आठवड्यात तो जातो.

त्यापेक्षा मोठे नुकसान रस्त्याच्या बाहेर होते, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. भरावाला लागणारा मुरूम आणि माती येते कुठून? आसपासच्या टेकड्यांतून, माळरानांतून, कधी शेतकऱ्याशी बोलणी करून त्याच्याच वावरातून. आखणीचा नकाशा सगळे पाहतात, मुरमाच्या खदानींचा नकाशा कोण पाहतो? गौण खनिजाच्या परवान्यात किती ब्रास आणि किती रॉयल्टी याचा हिशेब असतो. विदर्भातल्या शिळावर्तुळांना मुरमाड, पीक न येणारी माळजमीन पसंत होती. म्हणजे खदानीला जी जमीन सोयीची, तीच तीन हजार वर्षांपूर्वी दफनाला सोयीची होती. खडी केंद्राला वर्तुळाचे धोंडेही आयतेच मिळतात.

जिल्ह्यापुढे येणाऱ्या कामांची यादी लांब आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातोच. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची २०२५ मध्ये मंजूर झालेली आखणी सुमारे ८०२ किलोमीटरची आणि १२ जिल्ह्यांतली, त्यात यवतमाळ आहे. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी या मार्गाला विरोध केला आहे आणि आखणी बदलण्याची चर्चाही झाली आहे. या मार्गाचे सुरुवातीचे टोक वर्धा जिल्ह्यातले पवनार. तिथे धाम नदीच्या काठी नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये उत्खनन केले होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत मांडले होते. इतका मोठा मार्ग जिथून निघतो ती जागाच जुन्या वस्तीची आहे, तर पुढच्या वाटेवर काहीच नसेल असे समजणे धाडसाचे आहे. वणी तालुक्यात खुल्या कोळसा खाणी आहेत. तिथे माती काढायची म्हणजे डोंगरच उचलायचा असतो. शिवाय गावोगावची शेततळी, नाला खोलीकरण, पांदण रस्ते. ही कामे छोटी, शेतकऱ्याच्या हिताची आणि संख्येने प्रचंड. त्यांना तर कोणत्याही मोठ्या अहवालाची गरज पडत नाही.

मग कायदा काय करतो? १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आले. राज्याचा १९६० चा कायदा आहे. पण ही सगळी तटबंदी यादीतल्या स्मारकांभोवती. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेतला अर्जही प्रकल्पाजवळ कायद्याने संरक्षित सांस्कृतिक क्षेत्र आहे का, एवढेच विचारतो. ज्या टेकाडाचे नाव कोणत्याच यादीत नाही त्याच्याबद्दल 'नाही' असे खरे उत्तर देऊन काम पुढे जाते. पाचखेडसारख्या किती जागा यादीबाहेर आहेत याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा.

यादीत असूनही काय होते, हे संसदेच्या समितीनेच नोंदवले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार केंद्र-संरक्षित ३,६९३ स्मारकांपैकी ५० स्मारके नाहीशी झाली. त्यातली १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच लागला नाही. ही नाव, गाव आणि राजपत्रातली नोंद असलेली स्मारके होती.

पायाभूत कामाखाली इतिहास गाडला जाण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वे बांधताना ठेकेदारांना हडप्प्याच्या टेकाडात भाजक्या विटांची खाण सापडली. सुमारे १०० मैल लोहमार्गाखाली त्या विटांची खडी पडली. सिंधू संस्कृती ही काय चीज आहे हे जगाला १९२४ मध्ये कळले, तोवर हडप्प्याचा मोठा भाग रुळाखाली गेला होता. ती माणसे अडाणी नव्हती. विचारण्याची पद्धतच नव्हती.

ती पद्धत याच देशाने पुढे घालून दाखवली. कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण ठरले, तेव्हा नागार्जुनकोंड्याचे खोरे पाण्याखाली जाणार हे उघड होते. १९५४ ते १९६० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते खोरे खणून काढले. अश्मयुगापासून इक्ष्वाकूंच्या राजधानीपर्यंत सगळे नोंदवले आणि महत्त्वाच्या वास्तू उचलून टेकडीवर हलवल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे. धरणही झाले, इतिहासही हाती आला. नव्याने स्वतंत्र झालेल्या, पैशाची चणचण असलेल्या देशाला हे जमले होते. धरणांसाठी जे एकदा केले ते रस्त्यांसाठी नेमाने करण्याची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

इतरांनी लावून घेतली. ब्रिटनमध्ये १९९० साली नियोजनाचे एक मार्गदर्शक धोरण आले. ज्याला बांधायचे आहे त्याने आधी जमिनीखाली काय आहे ते तपासावे आणि खर्चही त्यानेच उचलावा, असा त्याचा गाभा. धोरणाची नावे बदलली, तत्त्व तेच राहिले. केंब्रिज ते हंटिंग्डन हा ३४ किलोमीटरचा ए-१४ रस्ता रुंदावताना शेतांमधून लोहयुगीन आणि रोमन काळातल्या वस्त्या मिळाल्या, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे बिअर गाळली जात होती याचा पुरावाही मिळाला, आणि रस्ता २०२० मध्ये वाहतुकीला खुला झाला. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला आणि त्यासाठी इनरॅप ही राष्ट्रीय संस्था उभी केली. तिथे बांधकामावरच्या कराचा एक वाटा या तपासणीला मिळतो. जपानमध्ये आओमोरी शहराजवळ बेसबॉलचे मैदान बांधायचे ठरले. १९९२ मध्ये तपासणी सुरू झाली आणि जोमोन काळातले सान्नाई-मारुयामा हे विशाल खेडे उघडे पडले. १९९४ मध्ये मैदानाचे काम थांबवण्यात आले. २०२१ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आली.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ते श्रीमंत देश, आपल्याला हे परवडेल का? त्यासाठी थोडा हिशेब मांडून पाहावा. समजा रस्त्याचा किंवा रेल्वेचा पट्टा १०० मीटर रुंद धरला. पाच माणसे वीस-वीस मीटरवर एका रांगेत उभी राहिली तर एका फेरीत सगळी रुंदी नजरेखालून जाते. खापरे पाहत, वेचत, जीपीएसवर नोंद करत सावकाश चालले तरी दिवसाला पाच किलोमीटर होतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे २८४ किलोमीटर म्हणजे एका पथकाचे दोन महिन्यांचे काम, दोन पथकांचे महिन्याभराचे. ज्या प्रकल्पाला भूसंपादनातच वर्षे जातात, त्याला हा एक महिना जड नाही. संशोधन संस्थांचाही इथे तुटवडा नाही. यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर नागपूर आहे, तिथे विद्यापीठाचा विभाग आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ, उत्खनन शाखा आणि प्रागैतिहासिक शाखा आहेत. पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात सर्वेक्षणाच्या उत्खनन शाखेने पूर्णा खोरे पायाखाली घातले, त्यातूनच फुपगाव येथील लोहयुगीन वस्ती हाती लागली. नदी जिचा काठ खात होती अशी जागा वेळेत नोंदली गेली.

काम करायचे कधी, हेही जमीनच सांगते. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर निघाली, पऱ्हाट्या उपटल्या की फाल्गुनापासून वावरे मोकळी. रोहिणी-मृगाची पहिली सर पडली की धुतलेली खापरे मातीवर लख्ख दिसतात, ते चार दिवस सोन्याचे. त्या आधी घरी बसूनही पुष्कळ करता येते. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे, जुनी गॅझेटियर, रिठी गावांच्या नोंदी, उपग्रहाची छायाचित्रे. आणि सगळ्यांत आधी, गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारणे. कोणत्या धुऱ्याजवळ नांगराला मडकी लागतात, कोणत्या वावरात मणी सापडतात, हे त्यांना पाठ असते. संयुक्त मोजणीसाठी भूमी अभिलेखची माणसे बांधावर येतात, त्याच दिवशी त्यांच्यासोबत एक पुरातत्त्वज्ञ आला तर निम्मे काम तिथेच होते.

चालून झाल्यावर जिथे शंका असेल तिथे चाचणीचे चर घ्यायचे. ब्रिटनमध्ये साधारणपणे दोन ते पाच टक्के क्षेत्र असे उघडून पाहतात. काही नाही निघाले तर चर बुजवून रस्ता पुढे. निघाले तर तीन मार्ग. आखणी थोडी सरकवता आली तर सर्वांत उत्तम, कारण जमिनीत राहिलेला थर पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या साधनांची वाट पाहू शकतो. सरकवता येत नसेल आणि भराव उंच असेल तर थराला धक्का न लावता तो झाकून ठेवता येतो. दोन्ही जमत नसेल तर मुदत ठरवून पूर्ण उत्खनन, कोळशाचे आणि धान्याचे नमुने, छायाचित्रे, अहवाल. हे सगळे आखणी कागदावर असताना केले तर स्वस्त. डंपर उभे राहिल्यावर एक दिवसही महाग पडतो, आणि तेव्हा ठेकेदाराला थांबवणे कोणालाच जमत नाही.

या सगळ्यात शेतकऱ्याच्या मनातली भीती खरी आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. वावरात काही सापडले असे कळले की जमीन सरकारजमा होईल, विहीर खोदू देणार नाहीत, म्हणून सापडलेले गुपचूप बुजवले जाते. याला दुसरी काळी बाजू गुप्तधनाच्या लोभाची. त्या नादात रात्री खड्डे पाडणारे लोक टेकाडाची जी नासधूस करतात ती कोणत्याही यंत्राहून वाईट. म्हणून कायद्यात काय आहे ते गावात स्पष्ट सांगितले पाहिजे. खापरे सापडल्याने कोणतेही शेत आपोआप संरक्षित होत नाही. केंद्राला एखादी जागा संरक्षित करायची तर राजपत्रात तशी इच्छा प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. सरकारने ती घ्यायची ठरवली तर तिच्या धातूची वा द्रव्याची किंमत आणि वर एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. किंमत धातूची धरायची, इतिहासाची नाही, हा या कायद्याचा मोठा दोष. दीडशे वर्षांचा हा कायदा बदलून प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला घसघशीत बक्षीस आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई दिली, तर निम्मी लपवाछपवी थांबेल. रस्त्यासाठी कोट्यवधी मोजणाऱ्या प्रकल्पाने एका शेतकऱ्याच्या एका हंगामाच्या कापसाचे पैसे द्यायला मागेपुढे पाहू नये.

राज्य सरकारने करण्याजोगी गोष्ट एवढीच आहे की मोठ्या रस्त्याच्या, रेल्वेच्या, कालव्याच्या आणि खाणीच्या प्रकल्प अहवालात पायी पुरातत्त्वीय पाहणीचे एक प्रकरण सक्तीचे करावे, आणि त्यात मुरमाच्या खदानींचाही समावेश असावा. यवतमाळपासून सुरुवात करायला हरकत नाही. इथे रेल्वेची पुढची आखणी आहे, महामार्ग येऊ घातला आहे, आणि जमिनीखाली काय असू शकते याचा पाचखेडसारखा ताजा पुरावा हाताशी आहे.

तोवर गावातल्या माणसाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. शिवारात पांढर असेल, नांगराला जुनी खापरे लागत असतील, माळावर धोंड्यांचे गोल कडे असेल, तर उकरू नका, वस्तू घरी नेऊ नका. आहे तिथेच मोबाइलवर फोटो काढा, सोबत गट क्रमांक आणि जवळची खूण लिहून ठेवा आणि ती नोंद तलाठ्याला, तसेच नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला लेखी कळवा. ग्रामसभेच्या ठरावात त्या जागेचे नाव एकदा आले की पुढे मोजणीला येणाऱ्यांना ते वगळून जाणे अवघड होते. मोजणीच्या खुंट्या तुमच्या धुऱ्यावर ठोकल्या जाण्याआधी हा अर्ज गेलेला असावा.